हौशी पोरं : गोल्फ, मलखांब आणि आमचे धाकटे काका



गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर बातमी आली. माझ्या पुतणीचा मुलगा, वय वर्षं सोळा, अमेरिकेत असतो. तो तिथल्या यूएस ज्युनियर अमॅच्युअर नावाच्या गोल्फ स्पर्धेच्या पात्रता फेरीत खेळला. थोडक्यात राहिला, मुख्य स्पर्धेपर्यंत पोचला नाही. तरी ग्रुपवर फुलांचे गुच्छ, टाळ्या, हात जोडलेली चित्रं, सगळं यथासांग झालं. इंदूरच्या वहिनींनी लिहिलं, "आपल्या घराण्यातून राष्ट्रीय स्पर्धेच्या दारापर्यंत गेलेला हा पहिलाच मुलगा." त्यावर धारच्या आत्याचा निरोप आला. आत्या नव्वदीच्या घरात आहे, नात फोन धरते आणि ती बोलते. ती एवढंच म्हणाली, "पहिला कसा? आपला धाकटा होता की." पुढे काही नाही.

मग पोरांचे प्रश्न सुरू झाले. धाकटा म्हणजे कोण? कोणती स्पर्धा? आणि ही ज्युनियर अमॅच्युअर म्हणजे नक्की काय, एवढं कौतुक कशाचं? ग्रुपवर तुकड्या-तुकड्यांत उत्तरं द्यायचा मला कंटाळा, म्हणून इथेच सविस्तर लिहितो. धार-देवासच्या जुन्या घरांतले पुष्कळ जण इथे आहेत, त्यांना यातलं काही ओळखीचं वाटेल.

आधी गोल्फ. ही स्पर्धा अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९४८ साली सुरू केली. पहिली स्पर्धा मिशिगन विद्यापीठाच्या मैदानावर, ॲन आर्बर गावी झाली. मुलगा अठराच्या आतला हवा, ही अट. (२०१७ पासून ती एकोणिसाच्या आत अशी झाली.) इंग्लंडात मुलांची अशी स्पर्धा १९२१ पासूनच होती, त्यामुळे कल्पना काही नवी नव्हती. अमेरिकेतली मोठी गोष्ट म्हणजे पात्रता फेऱ्या. जागोजागी फेऱ्या होतात, खेळ ठरावीक दर्जाचा असेल तर कुणीही नाव द्यावं, त्या दिवशी चांगला खेळला तर पुढे जावं. आता मुख्य स्पर्धेत २६४ मुलं असतात. दोन दिवस सगळ्यांचे एकूण फटके मोजतात, त्यातून ६४ निवडतात, आणि तिथून पुढे समोरासमोर, कुस्तीसारखं. हरला की घरी.

समोरासमोरच्या गोल्फमध्ये एकूण फटक्यांना अर्थ नसतो. एकेक होल ही स्वतंत्र कुस्ती. या होलवर तुझे चार फटके, माझे पाच, की होल तुझं. असे अठरा होल. एखाद्याने इतकी आघाडी घेतली की उरलेले सगळे होल जिंकूनही दुसरा बरोबरी करू शकत नाही, तर खेळ तिथेच थांबतो. हे समजलं की पुढची गोष्ट समजेल.

टायगर वुड्सचं नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. त्याने ही स्पर्धा लागोपाठ तीनदा जिंकली, १९९१, ९२ आणि ९३. पहिल्यांदा जिंकला तेव्हा पंधरा वर्षांचा होता, तोवरचा सगळ्यांत लहान विजेता. तिसऱ्या वेळी पोर्टलंड शहरातल्या वेव्हर्ली क्लबवर अंतिम सामना होता, समोर रायन आर्मर नावाचा मुलगा. दोन होल शिल्लक होते आणि टायगर दोन होल मागे होता. म्हणजे एकही होल नुसता बरोबरीत सुटला असता तरी संपलं असतं. त्याने सतरावं जिंकलं, अठरावं जिंकलं, बरोबरी केली आणि एकोणिसाव्या होलवर सामना घेतला. मी त्या आर्मरचा विचार करतो. तोही सतरा वर्षांचाच पोरगा. त्या दिवशी रात्री जेवला असेल का तो?

ही स्पर्धा न जिंकलेल्यांची नावंही मोठी आहेत. जॅक निकलॉस पाच वेळा खेळला आणि एकदाही जिंकला नाही. २०१८ साली न्यू जर्सीच्या बाल्टुसरॉल क्लबवर अंतिम सामन्यात अक्षय भाटिया हा भारतीय वंशाचा मुलगा होता, तो शेवटच्या होलपर्यंत लढून एका होलने हरला. आज तो मोठ्या व्यावसायिक स्पर्धा जिंकतो.

पण मला सगळ्यांत आवडते ती पहिल्या, १९४८ च्या स्पर्धेची गोष्ट. जिंकला डीन लिंड. त्याचं नाव पुढे फारसं ऐकू आलं नाही. हरला तो केन व्हेंच्युरी, सतरा वर्षांचा, सॅन फ्रान्सिस्कोचा. लहानपणी बोलताना फार अडखळायचा. चारचौघांत खेळायचं म्हणजे बोलणं आलं, म्हणून एकट्याने खेळायचा खेळ त्याने निवडला. हार्डिंग पार्क नावाच्या मैदानावर शिकला. हे मैदान नगरपालिकेचं! आपल्या नगरपालिकेची बाग असते तसं. पैसे भरा आणि खेळा, सभासद असण्याची गरज नाही. वडील तिथेच गोल्फच्या सामानाचं दुकान सांभाळायचे. हाच व्हेंच्युरी १९६४ मध्ये भयंकर उन्हात, चक्कर येत असताना अमेरिकन ओपन जिंकला. आणि पुढे पस्तीस वर्षं टीव्हीवर समालोचक होता. अडखळणारा मुलगा, समालोचक! असो.

आता त्या 'अमॅच्युअर' शब्दाकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. आपण त्याला हौशी म्हणतो. हौशी नाटक, हौशी गायक. आपल्या महाराष्ट्र समाजाच्या गणेशोत्सवात नाटक बसवायचे तेव्हा बँकेतला कॅशियर औरंगजेब व्हायचा आणि शाळेतले मास्तर संभाजी. कुणी पैसे घेत नसे, उलट दाढी-मिशांचं भाडं खिशातून. आपल्या भाषेत हौशीला थोडं कमीपण आहे. "हौशी आहे हो, सांभाळून घ्या." गोल्फमध्ये उलटं होतं. तिथे पूर्वी हौशी म्हणजे सभ्य गृहस्थ, आणि पैशासाठी खेळणारा व्यावसायिक म्हणजे नोकर माणूस. इंग्लंडात कित्येक क्लबांत व्यावसायिक खेळाडूला सभासदांच्या खोल्यांत पाऊल टाकायची मुभा नव्हती.

मग हौशी कोण, हे ठरवायला नियम आले, आणि नियम असे की गरिबाचीच पंचाईत व्हावी. अमेरिकेत एके काळी सोळा वर्षांनंतर कॅडीचं काम केलं, म्हणजे दुसऱ्याच्या काठ्यांची थैली पैसे घेऊन वाहिली, तर तो मुलगा हौशी राहत नसे. ती वयोमर्यादा पुढे वाढवत नेली. फ्रान्सिस विमे नावाचा मुलगा, बाप माळीकाम करणारा, घर क्लबाच्या बरोबर समोर. तो या नियमापायी सोळाव्या वर्षी कॅडीचं काम सोडून बसला. १९१३ साली, विसाव्या वर्षी, त्याने इंग्लंडच्या दोन नामांकित व्यावसायिकांना हरवून अमेरिकन ओपन जिंकली. त्या दिवशी त्याची थैली वाहत होता दहा वर्षांचा एडी लॉवरी. तीन वर्षांनी विमेने खेळाच्या सामानाच्या धंद्यात हात घातला, तर संघटनेने त्याचं हौशीपण काढून घेतलं. लोकांनी आरडाओरडा केल्यावर १९१८ मध्ये परत दिलं.

तो दहा वर्षांचा एडी पुढे सॅन फ्रान्सिस्कोत मोटारींचा श्रीमंत व्यापारी झाला. आणि आपला व्हेंच्युरी, १९४८ चा हरलेला मुलगा, मोठा झाल्यावर त्याच्याकडे मोटारी विकायला नोकरीला लागला. हार्व्ही वॉर्ड हा दुसरा अव्वल हौशी खेळाडूही तिथेच. नोकरी नावाची, खेळ कामाचा, असं लोक बोलत. १९५७ मध्ये संघटनेने वॉर्डला पकडलं. लॉवरीने त्याचा स्पर्धांचा खर्च उचलला होता. लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय हौशी विजेता असलेला माणूस एका रात्रीत हौशी राहिला नाही. व्हेंच्युरी त्याच्या आधीच व्यावसायिक झाला होता, म्हणून वाचला.

म्हणजे बघा, कुणी ना कुणी पैसे देतच होतं. बाप देत असेल तर मुलगा हौशी. मालकाने दिले तर चोर. माझ्या मते सगळ्या खेळांच्या इतिहासात हाच प्रश्न खरा आहे, मुलाच्या हौसेचे पैसे कोण भरतं. बाकी पदकं वगैरे नंतर. आता २०२२ पासून गोल्फवाल्यांनी नियम बरेच सैल केलेत, हौशी खेळाडूला जाहिरातीचे आणि पुरस्कर्त्यांचे पैसे घेता येतात. शंभर वर्षं लागली एवढं कळायला.

आपल्याकडे गोल्फ फार जुना आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा जगातला सगळ्यांत जुना. मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाला. हौशींची अखिल भारतीय स्पर्धा १८९२ पासून आहे. भारतीय गोल्फ संघटना मात्र १९५५ ची. पण नगरपालिकेचं मैदान आपल्याकडे जवळपास नाहीच. गोल्फ म्हणजे क्लब, नाहीतर लष्कर. त्यामुळे सामान्य घरातून जे कुणी खेळात आले ते कॅडीच्या वाटेने. दिल्लीचा अली शेर कॅडीच होता, १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. कलकत्त्याच्या चौरसियाचे वडील मैदानाचं गवत राखणारे. मध्यमवर्गातला मुलगा या दोन्हींच्या मध्ये लटकलेला. क्लबात जायला पैसा नाही, आणि थैली वाहायची तर आई म्हणणार, हेच करायचं होतं तर मॅट्रिक कशाला केलं? आता पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला गोल्फ खेळून आला, तेव्हा काळ बदललाय हे खरं. पण माझ्या लहानपणी आमच्यासाठी गोल्फ म्हणजे महू.

महूची छावणी १८१८ ची. महिदपूरची लढाई झाली, मंदसौरचा तह झाला, त्यानंतर इंग्रजांनी माळव्यावर नजर ठेवायला ती बसवली. देवास आणि धारच्या पवारांचे तहही त्याच सुमाराचे. माझे एक मामा महूला लष्करी बांधकाम खात्यात कारकून होते. सुट्टीत गेलो की संध्याकाळी मैदानाच्या कडेच्या रस्त्यावर फिरायला. लांबवर साहेब, म्हणजे तोवर आपलेच साहेब, काठी फिरवायचे आणि पांढरा चेंडू दिसेनासा व्हायचा. आसपासच्या वस्तीतली पोरं थैल्या घेऊन मागे. मामांचा मुलगा त्या पोरांशी मारवाडी-माळवी मिसळून बोलायचा, ती पोरं त्याला झुडपात सापडलेले चेंडू विकायची. आम्ही त्या चेंडूने अंगणात क्रिकेट खेळून मामींच्या खिडकीची काच फोडली. गोल्फशी आमचा संबंध एवढाच आला.

आमची हौस दुसरीकडे होती. आता धाकट्या काकांकडे येतो.

नव्या पिढीसाठी थोडं. पवारांपैकी तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांकडे देवास आलं, त्याच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. एका गावात दोन राजे, दोन दरबार, रस्त्याच्या या बाजूला एक, त्या बाजूला दुसरा. फॉर्स्टर नावाचे मोठे इंग्रज लेखक १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे सचिव म्हणून राहिले, त्यांनी या सगळ्यावर पुस्तकच लिहिलं. आमचे आजोबा थोरल्या पातीच्या दप्तरात. धारला आजोबांची बहीण दिलेली. धाकटे काका १९३१ चे. देवासला घरात माणसं फार, म्हणून शाळेसाठी त्यांना धारला आत्याकडे ठेवलं. तिथे त्यांना तालमीचा नाद लागला, आणि तालमीत मलखांबाचा.

संस्थानात राजपुत्रांचे खेळ वेगळे होते. ते इंदूरला डेली कॉलेजात शिकायचे, क्रिकेट, पोलो, टेनिस, शिकार. दप्तरातल्या कारकुनाच्या मुलासाठी तालीम. फी नाही. उस्तादाला गुरुपौर्णिमेला नारळ आणि पागोटं, नागपंचमीला लाल मातीत तेल-हळद-ताक घालायला घरोघरचा वाटा. लंगोट घरी शिवायचा. सागवानी नाहीतर शिसवी खांब, खाली जाड, वर निमुळता होत जाणारा, शेवटी मान आणि तिच्यावर बोंड. त्याला एरंडेल चोळायचं. काका सांगायचे, पहिले सहा महिने मांड्यांची सालटं निघतात, मग खांब आपल्याला धरतो. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल. ही नावं त्यांच्या तोंडून ऐकताना मंत्र म्हटल्यासारखी वाटायची. दसऱ्याला मोठ्यांच्या समोर प्रात्यक्षिकं व्हायची. बक्षीस म्हणजे फेटा. तो फेटा आत्याच्या पेटीत अजून आहे, रंग उडालेला.

मलखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात सापडतो. पण आपल्यापर्यंत तो आला पेशवाईतल्या बाळंभटदादा देवधरांकडून. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी निजामाकडचे दोन पहिलवान, अली आणि गुलाब, पुण्यात येऊन आव्हान देतात, कुणी पुढे होत नाही, बाळंभट मुदत मागून वणीच्या सप्तशृंगीला जातात, तिथे मारुतीराय दृष्टांतात येऊन लाकडाच्या खांबावर डाव शिकवतात, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका सोडा, पण शिष्यपरंपरा खरी. १८१८ नंतर बाजीराव ब्रह्मावर्ताला गेला, त्याच्या मागोमाग ही विद्याही उत्तरेला गेली, काशीपर्यंत. वाटेवरच्या मराठी संस्थानांत तिला आश्रय मिळाला. माळव्यातल्या मराठी घरांनी आणलेल्या गोष्टींत पुरणपोळी, गणपती आणि हा खांब.

१९४८ साल. अमेरिकेत मुलांच्या पहिल्या गोल्फ स्पर्धेचा अंतिम सामना होत होता, त्या वर्षी इकडे मध्य भारत संघ झाला. धार गेलं, देवासच्या दोन्ही पात्या गेल्या. त्याच वर्षी कुमार गंधर्व क्षयाने आजारी, हवापालटासाठी देवासला आले. आणि त्याच वर्षी आजोबा निवृत्त झाले. माझे वडील इंदूरला शिकत होते, घरात कमावता हात नाही. काका सतरा वर्षांचे. व्हेंच्युरीच्याच वयाचे, हे मी हिशेब केला तेव्हा लक्षात आलं.

उस्तादांचं म्हणणं होतं की या मुलाला काशीला पाठवा, नाहीतर बडोद्याला माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात, तो या विद्येत नाव काढील. आजोबा म्हणाले, नाव काढील, पण खाईल काय? ते वाईट माणूस नव्हते. दसऱ्याला मुलगा खांबावर चढला की ते डोळे मिटून घ्यायचे, असं आजी सांगायची. पण पुढे काय, या प्रश्नाला तेव्हा कुणाकडेच उत्तर नव्हतं. मलखांबाची राष्ट्रीय स्पर्धा नव्हती. पदक नव्हतं, प्रमाणपत्र नव्हतं, त्या प्रमाणपत्रावर मिळणारी रेल्वेची नाहीतर पोलिसातली नोकरी नव्हती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिकं करून आलं होतं, ते कात्रण काकांनी जपून ठेवलं होतं. कात्रण दाखवून घर चालत नाही. काका इंदूरच्या एका कापडगिरणीत हिशेबाच्या कामाला लागले आणि आयुष्यभर तिथेच राहिले. माझ्या वडिलांचं शिक्षण त्या पगारावर झालं. आमचं सगळं घर त्यावर उभं आहे, अमेरिकेतलंसुद्धा.

मी त्यांना विचारलं होतं एकदा, वाईट वाटलं का. आम्ही माताजींच्या टेकरीवरून उतरत होतो. म्हणाले, "वाईट काय वाटायचंय, हौस होती, फिटली." मग चार पायऱ्या उतरून म्हणाले, "फिटली नाही. पण संपली."

मलखांबाची राष्ट्रीय स्पर्धा आली ती १९८१ च्या जानेवारीत, आणि आली कुठे, तर उज्जैनला! देवासपासून चाळीसेक किलोमीटर. तिथल्याच बमशंकर जोशींच्या खटपटीने भारतीय मलखांब महासंघ उभा राहिला, ठिकठिकाणची पथकं आली, एकाच नियमावलीखाली गुण द्यायला सुरुवात झाली. काका तेव्हा पन्नाशीला टेकलेले. सकाळच्या बसने गेले, डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी. मीही बरोबर होतो. दिवसभर एका जागी बसून पाहत होते. चौदा-पंधरा वर्षांची पोरं खांबावर सरसर चढत, आणि काकांच्या मांडीचे स्नायू आपोआप आवळत होते, हे मला शेजारी बसून कळत होतं. परतताना बसमध्ये एवढंच म्हणाले, "पोरं चांगली आहेत. पण घड्याळ लावतात." त्यांच्या तालमीत दम संपेपर्यंत खेळायचे. मला तेव्हा ती म्हाताऱ्याची कुरकुर वाटली. आता वाटतं, घड्याळ लावलं नसतं तर कोण पुढे कोण मागे हे कसं ठरलं असतं? आणि ते ठरल्याशिवाय सरकारी कागदावर नाव कसं आलं असतं?

आत्याच्या त्या निरोपाचा अर्थ हा. धाकटा राष्ट्रीय स्पर्धेच्या दारापर्यंत गेला होता, पण तेव्हा दारच बांधलेलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात. २०१३ मध्ये मध्य प्रदेश सरकारने मलखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. महाराष्ट्राच्या आधी हे आपल्या माळव्याच्या राज्याने केलं, याचा मला सार्थ अभिमान आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईला शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२० मध्ये उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. किशोरवयीन मुलामुलींच्या खेलो इंडिया स्पर्धांत मलखांब आला, आणि २०२३ च्या सुरुवातीला त्या स्पर्धा मध्य प्रदेशात भरल्या तेव्हा मलखांब पुन्हा उज्जैनलाच होता.

मी गेलो होतो. चकाचक गादी, दिवे, मोठा पडदा, गुण लगेच दिसतात. मुली तर अशा खेळल्या की काका असते तर उभे राहिले असते. शेजारी एक बाई बसल्या होत्या, भाजीचा ठेला लावतात म्हणाल्या, मुलगा आत खेळत होता. मी विचारलं, खर्च कसा भागतो? म्हणाल्या, "सर देखते हैं, सरकार देखती है, हम तो बस सुबह पाँच बजे उठा देते हैं।" खेळणाऱ्यांची नावं वाचली. छत्तीसगडच्या आदिवासी भागातली मुलं, उज्जैनच्या गल्ल्यांतली मुलं, महाराष्ट्राची पथकं. आपल्या माळव्यातल्या मराठी घरांतलं आडनाव मी शोधत होतो, त्या दिवशीच्या याद्यांत मला एकही दिसलं नाही. आपली मुलं पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला गेली. जी इथे आहेत ती कोचिंग क्लासला. खांब इथेच राहिला आणि ज्यांना त्याची गरज होती त्यांनी तो उचलला. मला यात काही वावगं वाटत नाही. फक्त समाजाच्या समारंभात भाषणं करताना आपण "आमचा मलखांब" म्हणतो, तेव्हा शेवटचं एरंडेल आपल्या घरात कधी आणलं होतं, तेही सांगावं.

पुतणीचा फोन आला होता मागच्या आठवड्यात, ग्रुपवर नाही, स्वतंत्र. मुलाच्या गोल्फवर वर्षाला जो खर्च होतो त्यात देवासला दोन खोल्या बांधून होतील. प्रशिक्षक, मैदानाचं भाडं, दर शनिवार-रविवार गाडीने लांब लांब जायचं, हॉटेल. जावई म्हणतात, कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली तर वसूल. मुलगा म्हणतो, मला शिष्यवृत्तीसाठी नाही खेळायचं, मला खेळायचंय. तिने विचारलं, काका, काय करू? मी म्हटलं, त्याची दोन वर्षं उरलीयेत, नियमानेच एकोणिसाला ती स्पर्धा बंद होणार आहे. तोवर खेळू दे, आणि त्याच्यासमोर हिशेबाची वही उघडू नका. पैसे तुम्ही भरताय हे त्याला माहीत आहे. आपल्या घरात एकाची हौस सतराव्या वर्षी मोडून इतरांची शिक्षणं झाली, ते तेव्हा भागच होतं. आता भाग नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, धाकट्या आजोबांचा एखादा फोटो आहे का, याला दाखवायला.

फोटो नाही. मलखांबावरचा तर नाहीच, एक लग्नातला आहे, कोट-टोपी. म्हणून ही विनंती. १९४० ते ४८ च्या दरम्यानचे धारच्या तालमीतले, दसऱ्याच्या प्रात्यक्षिकांचे फोटो कुणाच्या जुन्या पेटीत असतील तर कृपया इथे टाका. काका तेव्हा उंच, सडपातळ, डाव्या भुवईवर खूण असलेले. उस्तादांची, इतर मुलांची ओळख पटली तर तीही लिहा. आत्या सगळ्यांना ओळखेल, पण आता तिला मोठं करून दाखवावं लागतं.